सत्ताविभाजनावर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना माझ्या लाल पेनाची शाई सर्वाधिक एकाच वाक्यावर खर्ची पडते : ‘भारतात कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ एकमेकांपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत.’ परीक्षेच्या आदल्या रात्री तीन चौकटींची आणि कोणाचे कोणावर नियंत्रण हे दाखवणाऱ्या बाणांची आकृती पाठ केली की याहून वेगळे काही सुचतच नाही. प्रत्यक्षात आपले मंत्री संसदेतूनच येतात. सलग सहा महिने कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसलेल्या व्यक्तीचे मंत्रिपद कलम ७५ नुसार संपते, आणि मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. पदावर असताना काँग्रेसचे, म्हणजे तेथील संसदेचे, सदस्य राहण्यास बंदी आहे ती अमेरिकेत, आणि उत्तर लिहिणाऱ्याने नेमके अमेरिकेचे चित्र भारताच्या नावाखाली खपवलेले असते. काटेकोर विभाजन आपल्या राज्यघटनेने स्वीकारलेले नाही, मात्र तिन्ही अंगांची कामे पुरेशी वेगळी केलेली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच राम जवाया कपूर खटल्यात स्पष्ट केले आहे.

दुसरी चूक मला याहून अधिक छळते, ती वटहुकमाची, म्हणजे अधिवेशन सुरू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या सहीने निघणाऱ्या तात्पुरत्या कायद्याची. एका सराव परीक्षेत ‘वटहुकूम काढण्याच्या अधिकारावर नियंत्रण कोणाचे?’ असा प्रश्न मी घातला होता, आणि निम्म्याहून अधिक उत्तरांत ‘राष्ट्रपतींचे’ असे आले. एक मुलगा वादालाच उभा राहिला : ‘‘सर, सही त्यांची असते, म्हणजे नियंत्रण झालेच की!’’ मी त्याला बिहारचे उदाहरण सांगितले. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम संपतो, हा नियम कागदावर शाबूत असताना १९६७ ते १९८१ या काळात तेथे राज्यपालांच्या सहीने २५६ वटहुकूम निघाले, आणि त्यांतले कित्येक विधेयक न मांडताच पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. नियंत्रण ठेवायचे ते विधिमंडळाने, पण ते गप्प राहिले. पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्राचे अभ्यासक डी. सी. वाधवा यांनी ही आकडेवारी जमवून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रथेला राज्यघटनेची फसवणूक ठरवले. मुलाने मुकाट्याने आपल्या आकृतीतला बाण खोडला.

तेव्हापासून माझी सवय अशी की, आकृतीतल्या प्रत्येक बाणावर मी तीन गोष्टी लिहितो : कलम कोणते, बहुमत किती, आणि सुरुवात कोणी करायची. यांपैकी एक जरी लिहिता आली नाही तरी तो बाण मी पुसतो. यात वेळ जातो, हे खरे. पण ‘थोडक्यात नोट्स’ मागणाऱ्या घाईच्या विद्यार्थ्यांसाठी माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

सत्ताविभाजन म्हणजे सत्तेचे विकेंद्रीकरण नव्हे. केंद्र, राज्य आणि पंचायत हा वेगळा प्रश्न आहे.

‘राष्ट्रपती विधेयक नाकारू शकतात’ एवढ्यावर थांबू नका. साधे विधेयक ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, संसदेने ते पुन्हा संमत केल्यास संमती रोखून ठेवता येत नाही, आणि धनविधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा बाबींचे विधेयक, तर परतही पाठवता येत नाही.

‘न्यायमंडळावर कोणाचाच अंकुश नाही’ हे वाक्य टाळ्या मिळवते, गुण नाही. न्यायाधीशाला कलम १२४ नुसार संसदेच्या ठरावाने दूर करता येते, आणि न्यायालयाने लावलेला अर्थ घटनादुरुस्तीने बदलता येतो. मात्र त्या दुरुस्तीलाही १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने मर्यादा घातली गेली : राज्यघटनेची मूळ चौकट बदलता येत नाही.

महाभियोगाच्या, म्हणजे उच्चपदस्थाला दूर करण्यासाठी चालवलेल्या कारवाईच्या, बाबतीत शब्द जपून वापरा. आपल्या राज्यघटनेत हा शब्द केवळ राष्ट्रपतींसाठी, कलम ६१ मध्ये आहे. अमेरिकेत महाभियोग म्हणजे केवळ आरोपनिश्चिती. पदच्युतीसाठी सिनेटमधील (तेथील वरिष्ठ सभागृहातील) उपस्थितांपैकी दोन-तृतीयांश मते लागतात. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्ध ३५ आणि बाजूने १९ मते पडली, एक मत कमी पडले, आणि त्यांनी कार्यकाळ पूर्ण केला.