पितळी गिअर नॉब, गेट प्लेट आणि बुश: लेथवर जाण्याआधीची तयारी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चांगल्या टर्नरला पितळेचा नॉब काढायला फार वेळ लागत नाही. वेळ आणि पैसा जातो तो माप चुकल्यावर धातूचा दुसरा बार आणण्यात. म्हणून आटे, लिव्हरची उंची आणि लिव्हरभोवतीची मोकळी जागा ही तीन मापं कागदावर आल्याशिवाय धातूला हात लावू नये. ती गाडीत बसूनच घ्यायची असतात.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, कारण काम करताना गिअर सतत न्यूट्रलमध्ये येणार. कन्सोल उघडायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा. अनेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट लिव्हरच्या आसपासच बसवलेलं असतं. त्याचे कनेक्टर चालू बॅटरीवर ओढू नका आणि तिथे ड्रिल, कानस चालवू नका. धातूचा कीस लिव्हरभोवतीच्या चामडी आवरणाखाली (बुटाखाली) पडला तर लिव्हर ज्यावर फिरते त्या पिव्हटमध्ये जाऊन बसतो.

आता आटे. जुना नॉब डावीकडे फिरवून काढा, लिव्हरचे आटे डिझेलने पुसून घ्या आणि व्हर्नियरने बाहेरचा व्यास व थ्रेड गेजने पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. माझदा एमएक्स-५ ला १० बाय १.२५ (१० मिमी व्यास, १.२५ मिमी पिच), होंडाला बहुतेक १० बाय १.५, टोयोटाला १२ बाय १.२५ असे आटे असतात. तरीही स्वतःच्या गाडीचं माप घ्याच, कारण आधीच्या मालकाने लिव्हर बदललेली असू शकते. १० बाय १.५ चा नट १० बाय १.२५ वर सुरुवातीला चढतो आणि मग आवळतो. तिथे पान्याने जोर लावला की लिव्हरचेच आटे जातात. पोर्शे आणि फोक्सवॅगनच्या बऱ्याच मॉडेलांत लिव्हरला आटेच नसतात, नॉब दाबून किंवा क्लिपने बसतो. अशा ठिकाणी आतून सरळ भोक असलेली बाही करून तिला १२० अंशांवर तीन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) द्यावे लागतात. रिव्हर्ससाठी उचलायची रिंग असेल तर ती पूर्ण वर येईल एवढी जागा नॉबखाली सोडा. ही रिंग कधीही काढून टाकू नये. चालत्या गाडीत चुकून रिव्हर्सकडे लिव्हर जाऊ नये म्हणून ती दिलेली असते.

धातू निवडताना वजनाचा हिशेब करा. ५० मिमी व्यासाचा पितळेचा भरीव गोळा साधारण ५५० ग्रॅम भरतो, तोच अॅल्युमिनियमचा १८० च्या आत. वजनदार नॉब गिअर टाकताना हाताला मदत करतो, सिंक्रोचा (गिअरचे वेग जुळवणाऱ्या रिंगचा) अडथळा सहज ओलांडल्यासारखा वाटतो. पण गिअरबॉक्समधले गिअर जागेवर धरणारे गोळी-स्प्रिंग झिजलेले असतील तर खड्ड्यात तेच वजन लिव्हरला हलवून गिअर सुटायला कारण होतं. आमच्या मते रस्त्यावरच्या गाडीला २५० ते ३५० ग्रॅम पुरे. ४५ मिमीचा पितळी गोळा खालून पोकळ केला की त्यात बसतो. स्टेनलेस ३०४ पहिल्या कामाला घेऊ नका, ते कापताना कडक होत जातं आणि आतले आटे पाडायचा टॅप आतच मोडतो.

लेथवरचा क्रम टर्नरला आधीच सांगा. आधी तोंड साफ, मग ड्रिल, मग टॅप, आणि शेवटी त्याच आट्यांच्या मँड्रेलवर (लेथमध्ये धरलेल्या दांड्यावर) चढवून बाहेरचा आकार. उलट केलं तर भोक मधोमध राहत नाही आणि नॉब लिव्हरवर तिरका दिसतो. १० बाय १.२५ साठी ८.८ चं ड्रिल, १० बाय १.५ साठी ८.५, १२ बाय १.२५ साठी १०.८. भोक ३० मिमी खोल, आटे २२ ते २५. उरलेली जागा किसासाठी. टॅप तिन्ही नंबरचे आणा, नुसत्या पहिल्या टॅपने बंद भोकाच्या तळापर्यंत आटे पडत नाहीत. नेहमीचं ड्रिल पितळेला आत खेचून घेतं, म्हणून त्याची धार किंचित मारून घ्यावी. अॅल्युमिनियमला टॅप करताना रॉकेलचे थेंब टाका, नाहीतर कीस चिकटून आटे फाटतात.

उघडी गेट प्लेट, म्हणजे लिव्हर जिच्या खाचांतून फिरते ती धातूची पट्टी, हवी असेल तर सगळ्यात जास्त सावधगिरी इथे लागते. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा, प्रत्येक गिअर पूर्ण टाका आणि प्लेट ज्या उंचीवर येणार त्याच उंचीवर पुठ्ठ्यावर लिव्हरच्या जागा आखा. उंची बदलली की लिव्हरचा फिरण्याचा पल्ला बदलतो. ज्या गाड्यांत लिव्हर थेट गिअरबॉक्सवर बसते, तिथे जोर दिल्यावर इंजिन-गिअरबॉक्स माउंटवर हलतात आणि लिव्हरही हलते. म्हणून चारही बाजूंनी ३ ते ४ मिमी मोकळं सोडा. लिव्हर १२ मिमीची असेल तर खाच १८ ते २०. प्लेटने लिव्हरला कधीही अडवता कामा नये. गिअर पूर्ण बसायच्या आत लिव्हर प्लेटला टेकली तर दात अर्धेच अडकतात, गिअर उसळतो आणि काही महिन्यांत गिअरबॉक्स उघडावा लागतो. पुठ्ठ्यानंतर २ मिमीच्या अॅक्रिलिकची नक्कल बसवून चालवून बघा, मगच शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या लेझर कटिंगवाल्याकडे ३ मिमी स्टेनलेसची फाईल द्या. आरशासारखं पॉलिश नको, दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं. एका दिशेने घासलेला मॅट पोत बरा.

लिव्हर आखूड करण्याआधी गणित करा. पिव्हटच्या वर २०० मिमी आणि खाली ५० मिमी असेल तर वरून २५ मिमी कापल्यावर हाताला साधारण १४ टक्के जास्त जोर लागतो. लिव्हरला आधार देणाऱ्या रबरी बुशाच्या जागी गनमेटलचा बुश बसवला तर लिव्हरची ढिलाई जाते, पण गिअरबॉक्सची घरघर थेट हाताला येते. रोज वापरायच्या गाडीत हा बदल आम्ही सुचवणार नाही.

कोरीव काम शेवटी. नॉब आवळून बसला की सरळ दिशेची खूण करा, मगच गिअरचा नकाशा कोरायला द्या. आधी कोरलात तर पहिला गिअर खिडकीकडे तोंड करून थांबेल. हुपरीतल्या चांदीच्या कारागिरांचा हात या कामाला उत्तम. त्याआधी २२०, ४००, ८०० आणि १२०० चा पेपर क्रमाने. बफिंग हलक्या हाताने, नाहीतर कडा गोल होतात. फ्री कटिंग पितळेत साधारण ३ टक्के शिसं असतं, तेव्हा उघड्या नॉबवर लॅकर मारा. पावसाळ्यात काळवंडणंही कमी होतं. अॅल्युमिनियमचा नॉब असेल तर स्टीलच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, दमट हवेत दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीतला धातूचा नॉब हात भाजतो, म्हणून चामड्याची टोपी शिवून ठेवा. त्यासाठी आणि बुटासाठी १ मिमीचं मऊ चामडं लागतं. चपलेचं जाड चामडं घडी घेत नाही आणि लिव्हरला मागे ओढतं.

बसवताना नॉब हाताने आवळा आणि खालून बारीक आट्यांचा लॉक नट लावा. तो साध्या हार्डवेअर दुकानात सहसा मिळत नाही, म्हणून नॉबबरोबरच करून घ्या. थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) निळाच वापरा. लाल लावला तर काढताना आच द्यावी लागते. नट आणि लिव्हरवर रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवा. आधी बंद गाडीत सगळे गिअर, मग रिकाम्या रस्त्यावर, आणि मग पन्हाळ्याचा चढ, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन आणि सोडून. शंभर किलोमीटरनंतर रेघ जुळते का ते बघा. सरकली असेल तर नट पुन्हा आवळा.