केएच 6 च्या वर जाईना, हीटरवर पांढरी खपली

प्रवाळांची टाकी (अक्वेरियम) 200 लिटरची, खाऱ्या पाण्याची. केएच (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप) वाढावा म्हणून रोज खाण्याचा सोडा घालायचो, दुसऱ्या दिवशी केएच पुन्हा 6. कॅल्शियम 380 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). हीटरवर मात्र गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा क्षार. टेस्ट किट बदललं, सोडा दुप्पट केला, तर पाणी ताकासारखं झालं. दीड महिना नुसता वैताग.

शेवटी मॅग्नेशियम मोजलं: 1080 पीपीएम. समुद्रात ते 1300 च्या आसपास असतं. ते कमी पडलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन खाली बसतात. म्हणजे माझा सोडा हीटरवर जमत होता.

आधी सोडा बंद. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट रोज 110 ग्रॅम, आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या धारेत हळूहळू. चार दिवसांत 1340. मगच खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे!), रोज 6 ग्रॅम. एवढ्या पाण्यात त्याने केएच साधारण 1 ने चढतो. त्याहून घाई केली तर प्रवाळांची टोकं भाजतात. तीन दिवसांनी 8.5. सर्वांत शेवटी, सोडा न घालण्याच्या दिवशी, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट 30 ग्रॅम: 420.

हीटर प्लग काढून, गार झाल्यावर व्हिनेगरमध्ये बुडवला. खपली तासाभरात सुटली.