डान्स फिल्मची तयारी : फरशीपासून सुरुवात

कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात. जिथे नाचायचं ती जमीन मात्र पहिल्याच दिवशी बघून या, आणि तीही चप्पल काढून, नाचणाऱ्या मुलीला सोबत घेऊन. गेल्या वर्षी आम्ही पुण्यात पेठेतल्या एका वाड्याच्या चौकात कथकची सात मिनिटांची फिल्म केली. शहाबादी फरशी, चारही बाजूंनी लाकडी खांब, सकाळचं तिरकं ऊन. बघताक्षणी सगळे हरखलो. आठ वाजता फरशी गार होती, साडेअकराला तिच्यावर पाय ठेववत नव्हता. दोन फरशांमधलं सिमेंट एका ठिकाणी नखाएवढं वर आलं होतं, ते कुणी पाहिलंच नव्हतं. सातव्या टेकनंतर मॉनिटरवर फरशीवर तांबडे ठिपके दिसले. तिच्या डाव्या टाचेला चीर गेली होती आणि ती एका शब्दाने बोलली नव्हती. कथकची चक्करं त्याच टाचेवर फिरतात.

त्यामुळे आता आमच्या यादीत सगळ्यात वर जमीन असते. तळहात फिरवून प्रत्येक सांधा तपासायचा. आधी झाडून घ्यायचं, मग ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं, कारण बारीक खडा झाडूला सापडत नाही. चक्कर जिथे घ्यायची तिथे ताटाएवढी गुळगुळीत जागा निवडून खडूने छोटी फुली मारायची. सतरंजी अंथरून भागेल असं कुणी सुचवेल. पण सतरंजीवर ततकाराचा, म्हणजे पायांनी धरलेल्या ठेक्याचा, आवाज मरतो आणि टाच अडकते. सिमेंट किंवा फरशी पायाखाली जराही दबत नाही, सगळा धक्का गुडघ्यांत जातो, म्हणून टेक आधीच मोजून ठरवा. आमचा हिशोब असा : पूर्ण रचना तीनदा, चक्करं चारदा, त्यापुढे नाही. पूर्ण रचनेचा वाइड शॉट सकाळी सर्वांत आधी, अंग तापलेलं आणि मन ताजं असताना. हात, नजर, घुंगरू यांचे जवळचे शॉट नंतर. ते तुकड्यातुकड्याने घेता येतात, बसूनसुद्धा. दिग्दर्शकाला आणखी एक टेक हवासा वाटला तरी शेवटचा शब्द नाचणाऱ्याचा, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोलून ठेवा. शूटिंगच्या गडबडीत ती स्वतःहून नाही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट लयीची. इथे एक सोपं गणित आहे. लेहरा, म्हणजे नाचाखाली पुन्हा पुन्हा फिरणारी साथीची सुरावट, मिनिटाला १२५ मात्रांवर (ठोक्यांवर) बांधून घ्या. सेकंदाला २५ फ्रेमच्या फिल्ममध्ये एक मात्रा बरोबर १२ फ्रेमची होते आणि तीनतालाच्या १६ मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, १९२ फ्रेममध्ये बसतं. एडिटला बसलेल्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे कान लावून शोधावं लागत नाही, मोजूनच कळतं. १२० मात्रांवर हीच मात्रा साडेबारा फ्रेमची होते आणि अर्धी फ्रेम कुठेच कापता येत नाही. तबलजीला हेडफोनवर ठेका धरणारी क्लिक द्या, नाहीतर रंगात आल्यावर लय चढते. बैठकीत ती चढलेली लय सुंदर वाटते, इथे ती हिशोब मोडते.

स्लो मोशन हवं असेल तर त्याचीही तयारी याच टप्प्यावर करायची. ५० फ्रेमवर शूट करून २५ वर चालवलं की सगळं निम्म्या वेगाने दिसतं. म्हणून सेटवर वाजवायला त्याच लेहऱ्याची दुगुन, म्हणजे दुप्पट लयीची, २५० मात्रांची वेगळी फाइल करून ठेवा. मुलगी दुगुनीत नाचते. पडद्यावर पावलं मूळ लयीत येतात, पण घेर, ओढणी, केस हवेत तरंगल्यासारखे दिसतात. चौगुनीच्या, म्हणजे चौपट लयीच्या, ततकाराला हे करू नका, २५० वर त्याची चौगुन कुणालाच नाचता येणार नाही. गतनिकाससारखी संथ, डौलदार रचना निवडा आणि दुगुनीचा रियाज किमान आठवडाभर आधी सुरू करा.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला एक रिकामं आवर्तन आणि त्याच्या समेवर टाळी रेकॉर्ड करा. आवाज आणि चित्र जुळवायला तीच टाळी पुरते. स्पीकर नाचणारीजवळ, फ्रेमच्या अगदी काठाबाहेर ठेवायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर चौदा मीटर लांब गेला की तिच्या कानावर ठेका एक फ्रेम उशिरा पडतो, आणि डोळ्याला ते कळतं.

संगीत शक्यतो स्वतःच रेकॉर्ड करा. बंदिश पारंपरिक असली तरी कुणी केलेलं तिचं रेकॉर्डिंग पारंपरिक नसतं, त्यावर हक्क असतो आणि फिल्म अपलोड केल्यावर अडचण येते. पुण्यात साथीदार मिळणं अवघड नाही. कथकगुरू रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली इथे नृत्यभारती ही संस्था सुरू केली, तेव्हापासून या शहरात कथक पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातंय, आणि लेहरा धरणारी, तबला वाजवणारी मुलं विद्यापीठाच्या ललित कला केंद्रापासून पेठेतल्या क्लासपर्यंत भेटतात. त्यांना मानधन द्या, थोडं का असेना, आणि श्रेयनामावलीत नाव नीट लिहा.

आता माणसं. सहा पुरे : नाचणारी, दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज आणि प्लेबॅक (सेटवर लेहरा वाजवणं), व्यवस्था, आणि एक जण फक्त नाचणारीच्या हाताशी. पाणी, शाल, चपला, पिना, तिला काय हवं-नको ते हा सहावा बघतो, दुसरं काही नाही. हे काम कुणी फावल्या वेळात करेल असं समजू नका. आमच्या चौकात असा कुणी असता तर ती चीर पहिल्याच टेकला दिसली असती.

कॅमेरा धरणाऱ्याने किमान दोन तालमींना क्लासमध्ये जाऊन बसायचं आणि नाचाचे बोल तोंडपाठ करायचे. ‘एक मिनिट बारा सेकंदाला डावीकडे ये’ असं सांगून उपयोग नाही. ‘दुसऱ्या तिहाईच्या आधी’ म्हटलं की कळलं पाहिजे (तिहाई म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणारा बोलांचा तुकडा). त्यासाठी एक कागद करा : आवर्तन, बोल, तोंड कुठल्या दिशेला, कॅमेरा कुठे. ताईंना, म्हणजे रचना ज्यांची आहे त्या गुरूंना, तो दाखवून घ्या आणि चित्रीकरणाची परवानगीही तेव्हाच मागा. ततकार चालू असताना पाय फ्रेमबाहेर जाता कामा नयेत. माझं मत विचाराल तर समेवर कट मारायचाच नाही. सम पूर्ण पडू द्यायची, मग कापायचं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून ट्यूब किंवा एलईडीखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर रेकॉर्ड करत असेल तर तासाला सुमारे ४५ जीबी भरतात. कार्ड त्या हिशोबाने घ्या आणि जागा सोडण्याआधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी.

परवानग्या लवकर मागा, कॉलेजच्या लेटरहेडवर. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिथे ट्रायपॉड लावायलाही परवानगी लागते. पहिल्या फिल्मला तो नाद नको. वाडा निवडलात तर मालकांबरोबर भाडेकरूंनाही घरोघरी जाऊन सांगा आणि दुपारी एक ते चार घुंगरू वाजणार नाहीत असा शब्द द्या. तो पाळा. डिसेंबरअखेर पुण्यात सातच्या सुमारास उजाडतं, चौकात ऊन त्याहून उशिरा उतरतं. आदल्या आठवड्यात त्याच वेळी तिथे जाऊन उन्हाची पट्टी कुठून कुठे सरकते ते घड्याळ लावून लिहून ठेवा.

आदल्या रात्री घुंगरांची दोरी हाताने ओढून बघा, कुठे विरली असेल तर लगेच ओवून घ्या. जास्तीची दोरी आणि दाभण पिशवीत हवेतच. घोट्याला गुंडाळायला सुती पट्ट्या, सेफ्टी पिना, पावडर, चिकटपट्टी, घाम टिपायला जुनं मऊ फडकं. खाणं नाचण्याआधी हलकं : केळं, चिक्की, लिंबू सरबत. पोहे आणि चहा नंतर, सगळ्यांनी मिळून. अंग तापवायला अर्धा तास वेळापत्रकात लिहूनच ठेवा आणि लाइट लावण्याची वेळ त्यात घुसू देऊ नका.

पॅकअपनंतर पाच मिनिटं सगळे गप्प बसून नुसत्या घुंगरांचा आवाज जवळून रेकॉर्ड करा, तिच्या पायात त्राण असेल तरच. नसेल तर ती बसूनही वाजवू शकते. आणि बादली सकाळीच मागून ठेवलेली असू दे, कोमट पाणी नि मूठभर मीठ. घुंगरू सोडले की पाय लगेच त्यात गेले पाहिजेत.