‘यस मिनिस्टर’ पाहताना: आधी खुर्च्या, मग चेहरे

‘यस मिनिस्टर’ या ब्रिटिश राजकीय विनोदी टीव्ही मालिकेचा नवा प्रेक्षक हमखास अडखळतो तो सर हम्फ्री ॲपलबीपाशी. ‘सेक्रेटरी’ ऐकून तो मंत्र्याचा पीए वाटतो आणि मग अर्धे विनोद डोक्यावरून जातात. नायजेल हॉथॉर्नने रंगवलेला हा माणूस खात्याचा ‘पर्मनंट सेक्रेटरी’ आहे, म्हणजे आपल्या मंत्रालयातल्या अपर मुख्य सचिवासारखा. मंत्री येतात नि जातात, हा हलत नाही.

मंत्री जिम हॅकर (पॉल एडिंग्टन). पक्ष कोणता, ते शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. शोधत बसू नका. तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा, हे मात्र लक्षात ठेवा, कारण ऑक्सफर्डवाला हम्फ्री त्यावरून टोमणे मारतो. (आंबेडकर जिथे शिकले ती संस्था टोमण्याचा विषय व्हावी, हे आपल्याला जरा विचित्रच वाटतं.)

खरा पाहायचा तो बर्नार्ड वूली, म्हणजे डेरेक फाउल्ड्स. खाजगी सचिव मंत्र्याचा, पण बढती हम्फ्रीच्या हातात. त्यामुळे दोघं समोर असले की बर्नार्ड एकतर गप्प राहतो नाहीतर व्याकरणाची चूक काढतो. संवाद नसतानाही नजर त्याच्यावर ठेवा.

हम्फ्रीचं लांबलचक वाक्य सुरू झालं की सबटायटलमागे धावू नका. वाक्य लांबलं म्हणजे काहीतरी लपवलं जातंय, एवढं पुरे. हॅकरचा चेहरा पाहा, मग मागे जाऊन सबटायटलसह वाक्य पुन्हा ऐका. आणि हम्फ्रीने एखाद्या निर्णयाला ‘धाडसी’ म्हटलं, तर ती शाबासकी नव्हे: वादग्रस्त निर्णयाने मतं जातात, धाडसी निर्णयाने निवडणूक.

क्रम मोडू नका. 1980 ते 1982 मध्ये सात-सात भागांचे तीन सीझन, 1984 चा तासाभराचा नाताळ विशेष भाग, मग 1986 ते 1988 मध्ये ‘यस, प्राइम मिनिस्टर’चे 16 भाग. विशेष भाग गाळलात तर तिघं एकदम पंतप्रधानांच्या निवासस्थानी, 10 डाउनिंग स्ट्रीटवर कसे पोचले, ते कळणार नाही. राजकीय सल्लागार फ्रँक वाइझेल पहिल्या सीझननंतर दिसत नाही. सर अर्नोल्ड (जॉन नेटल्टन) हे कॅबिनेट सेक्रेटरी, हम्फ्रीचेही वरिष्ठ; त्यांच्यासमोर हम्फ्री कसा मवाळ होतो, ते बघाच.

एकच भाग चाखायचा असेल तर दुसऱ्या सीझनचा पहिला: इस्पितळात 500 कर्मचारी, रुग्ण एकही नाही. याच मालिकेच्या हिंदी अवतारातला, ‘जी मंत्रीजी’मधला फारुख शेखचा मंत्री ज्यांना आठवतो, त्यांना हॅकरची ओळख लगेच पटेल.