कॅम्पेनमधे कॅरेक्टरचं नाव (आणि बदनामी) कशी मोजायची

आधी माझी फजिती सांगतो. मी मित्रांना टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळवतो, म्हणजे प्लेयर एकेक कॅरेक्टर चालवतात आणि बाकीचं जग मी. पहिल्या मोठ्या कॅम्पेनला (बऱ्याच सेशनभर चालणारी एकच गोष्ट) मी वहीत पार्टीच्या, म्हणजे कॅरेक्टरांच्या टोळीच्या, नावापुढे एकच आकडा ठेवला होता, रेप्युटेशन, शून्यापासून सुरू, चांगलं काम केलं की वाढवायचा, वाईट केलं की कमी करायचा. तिसऱ्या का चौथ्या सेशनला पार्टीने रात्री जंगलात एका सावकाराला लुटून मारलं, मी आकडा धाडकन चारने खाली आणला, आणि दुसऱ्या दिवशी दोन डोंगर पलीकडच्या गावातला लोहार त्यांना तलवार विकेना. रॉग (चोरटं कॅरेक्टर) खेळणारीने शांतपणे विचारलं, "पण त्याला सांगितलं कोणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सावकार मेलेला, आसपास घुबडाशिवाय कोणी नाही.

मग त्या एका प्रश्नाभोवती मी सगळी सिस्टिम परत बांधली: कोणाला कळलं, कोणाकडून कळलं, आणि पोचेपर्यंत गोष्टीचं काय झालं. कुठलेही नियम वापरत असाल तरी ही वरून बसवता येते, लागतात फक्त सहा बाजूंचे दोन फासे आणि थोडी कोरी कार्डं.

सुरुवात गटांपासून करा, आणि इथे हात आखडता घ्या. तीन, फार तर चार गट. दरबार, मंदिर, व्यापारी, चोर, जादूगार, एल्फ, नावाडी असे नऊ-दहा गट लिहिण्याचा मोह होतो, मलाही झाला होता, पण दुसऱ्या महिन्यात त्यातले सहा कोणाला आठवतही नाहीत. गट निवडताना दोन गोष्टी बघा: पार्टीला त्यांची गरज पडणार आहे का, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही ना. दुसरी जास्त महत्त्वाची, कारण नावाड्यांना खूश केलं की जकातवाले आपोआप नाराज व्हायला हवेत, नाहीतर प्लेयर सगळीकडे गोड बोलून सगळ्यांचे लाडके होतात आणि खेळात काही दम राहत नाही.

आता प्रत्येक गटाचं एक कार्ड, त्यावर दोन आकडे. पहिला "ओळख", ० ते ३, म्हणजे हे लोक तुम्हाला किती ओळखतात. दुसरा "मत", -३ ते +३, म्हणजे ओळखल्यावर त्यांना काय वाटतं. हे दोन वेगळे ठेवणं हाच सगळ्यातला मोठा फायदा आहे, कारण ज्याच्याबद्दल मत फार वाईट आहे पण ज्याची ओळख शून्य आहे असा माणूस बाजारात बिनधास्त फिरू शकतो, आणि ज्याला सगळे ओळखतात पण कोणाला त्याचं काही पडलेलं नाही असाही माणूस असतोच की.

स्केल एवढं छोटं का, तर मोठं स्केल मला सांभाळता येत नाही, सरळ आहे. पाथफाइंडर या गेमच्या दुसऱ्या आवृत्तीत -५० ते ५० असं आहे, ज्यांना हिशेब आवडतो त्यांनी जरूर वापरावं. ब्लेड्स इन द डार्क या गेममधे -३ ते +३ आहे आणि मी तिथूनच उचललं. शिवाय मत रोलमधे मिळवलं की डी२० वर (वीस बाजूंचा फासा) प्रत्येक एकाने साधारण ५ टक्के फरक पडतो, म्हणजे +३ ला १५ टक्के, तेवढं पुरे, त्याहून जास्त दिलं तर बार्डला (गोड बोलून काम काढणारं कॅरेक्टर) बोलायची गरजच उरत नाही. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स) २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमधला रिनाउनचा (नावलौकिकाचा) ऐच्छिक नियम आधीच चालू असेल तर तोही राहू द्या, त्यात फॅक्शनचं (गटाचं) हित पुढे नेल्याचा १ आणि त्यांनीच दिलेली कामगिरी पूर्ण केल्याचा २ मिळतो, पण ते गटाच्या आतलं वजन झालं, बाहेर रस्त्यावर लोक काय बोलतात त्यासाठी हे कार्ड.

आकड्यांखाली गोष्ट लिहायची. ही पायरी लोक गाळतात आणि मग सिस्टिम दोन सेशनमधे मरते. माझ्या एका कार्डावर असं होतं:

नावाडी. ओळख २, मत +१.
काय केलं: पुराच्या रात्री अडकलेली होडी दोर कापून सोडवली.
पाहिलं कोणी: म्हातारा नावाडी आणि त्याची नात.
बोलतात काय: "त्या ड्वार्फने एका हाताने होडी ओढली हो!"

प्रत्यक्षात होडी रेंजरने (पार्टीतला रानवाटांचा जाणकार) ओढली होती आणि ड्वार्फ त्याच दोराला लटकून बोंबलत होता. पण गोष्ट अशी फिरली, आणि रेंजरवाला पुढचे दोन सेशन धुसफुसत होता, आणि ड्वार्फवाल्याने एकदाही खुलासा केला नाही. एवढी मजा नुसत्या +१ मधून कधीच आली नसती.

गोष्ट फिरते कशी, तर सेशन संपल्यावर पाच मिनिटं काढून तीन प्रश्न विचारा. साक्षीदार जिवंत आहे का? त्याला बोलायचंय का (घाबरलेला माणूस गप्प बसतो, उपकार झालेला बोलत सुटतो)? आणि तो जातो कुठे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर बातमी पुढच्या सेशनला शेजारच्या गावात, त्याच्या पुढच्याला त्या वाटेवरच्या शहरात. मग एक फासा टाका. ४ ते ६ आलं तर बातमी बरीचशी खरी पोचली. २ किंवा ३ आलं तर मीठमसाला लागला, दोन गॉब्लिनचे वीस झाले. १ आलं तर सरळ ध चा मा, श्रेय दुसऱ्यालाच किंवा वाचवणारेच लुटारू ठरले. एक मात्र पाळा, दर सेशनला एका गटाचं मत वर चढताना एकाच पायरीने चढेल, खाली येताना मात्र उडी मारू शकतं. आणि +३ फुकट देऊ नका, त्यासाठी कॅरेक्टरने स्वतःचं काहीतरी गमावलेलं असावं.

आता टेबलवर वापर. पार्टी नवीन ठिकाणी पोचली की दोन फासे टाका, बेरजेत ओळख मिळवा, १० किंवा वर आलं की कोणीतरी ओळखलं. ओळख ० असताना ही शक्यता जेमतेम १७ टक्के असते, ३ असताना ५८. वेगळी खूण असेल, शिंगं, जळती तलवार, खांद्यावर बोलणारा कावळा, तर आणखी २. टोप्या ओढून, नावं बदलून आले असतील तर २ वजा.

ओळखलं तरच मताचा आकडा बाहेर काढायचा. तो त्या माणसाच्या पहिल्या वाक्यात ऐकू यायला हवा. जकात नाक्यावरचा एकच शिपाई घ्या. मत +२ असेल तर तो म्हणतो, "तुम्ही होय? या मागच्या दाराने, आज साहेब आत बसलेत." शून्य असेल तर, "गाडीत काय आहे?" आणि -२ असेल तर काहीच म्हणत नाही, हसून सोडतो, आणि तुमची पाठ वळली की पोरगा निरोप घेऊन पळतो. यात पर्सुएजनचा (समोरच्याला पटवण्याचा) रोल कुठेच नाही. रोल येईल तेव्हा मत त्यात मिळवा, पण दार उघडं आहे की बंद हे मतच ठरवतं. -३ ला मागावर माणसं निघतात आणि +३ ला लोक जीव धोक्यात घालून लपवतात.

चांगल्या नावाचाही जाच होऊ द्या. +२ झाल्यावर लोक दारात येऊन बसतात, माझा मुलगा हरवलाय, माझी म्हैस ट्रोलने नेली, तुमचं नाव ऐकून आलो. आमच्या पॅलाडिनने (धर्मयोद्धा) शेवटी खोटं नाव लावलं होतं, तेही दोन दिवसांत फुटलं.

कार्ड पार्टीचं की एकेकाचं? बहुतेक वेळा पार्टीचं. एखाद्याने एकट्यानेच काही भयंकर करून ठेवलं तर त्याच कार्डाच्या मागे त्याच्या नावाने वेगळं मत लिहा, आणि त्याला लोकांनी पाडलेलं एखादं टोपणनाव द्या, ते प्लेयर आकड्यापेक्षा जास्त जपतात. कार्डं टेबलवर उघडी ठेवली तरी हरकत नाही. फक्त "बोलतात काय" ही ओळ झाकून ठेवा, ती त्यांनी एखाद्या खानावळीत कोणाच्या तरी तोंडून ऐकावी.

पार्टी तो भाग सोडून लांब गेली तर गेममधल्या दर वर्षाला ओळख एकने उतरवा. मत उतरवू नका. आमचा विझर्ड (जादूगार) गेममधली तीन वर्षं उलटल्यावर त्याच जकात नाक्यावर परत आला, ओळख शून्य, दाढी वाढलेली, फाशांवर अकरा पडले, आणि त्या शिपायाने वर बघून एवढंच विचारलं, "आमचा पूल जाळणारे तुम्हीच ना?"