इन्सुलिन पंप लावून विमानप्रवास : काय बांधायचं, काय सांगायचं

साताऱ्यात कुणी पंपवाला, म्हणजे अंगावर लावलेल्या छोट्या यंत्रातून इन्सुलिन घेणारा मधुमेही, पहिल्यांदा विमानाने निघाला की घरादारात एकच काळजी : सिक्युरिटीला अडवतील का? तिथे चौकशी होते, अंगावर काय आहे ते सांगावं लागतं, थोडा वेळ जातो. पण माझ्या मते खरी तयारी हवी ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. पंप वाटेत बंद पडला तर काय करायचं, आणि विमान वर चढताना पंपाच्या आत काय होतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी

पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं आणि ते थोडं थोडं सुटतं. अंगात दिवसभर पुरेल असा साठा नसतो. नळी दुमडली, कॅन्युला (कातडीखाली बसवलेली बारीक नळी) निसटली किंवा पंपच बिघडला, तर काही तासांत शुगर चढते आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी घातक आम्लं) वाढायला लागतात. म्हणून इन्सुलिनची पेनं सोबत हवीतच, एक जलद आणि एक लांब पल्ल्याचं. लांब पल्ल्याचं किती युनिट घ्यायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर तो हिशेब सुचत नाही.

पंप गेला की त्यातली सेटिंग्जही गेली. तासातासाचे बेसल दर (दिवसभर थोडं थोडं सुटणारं इन्सुलिन), कार्बचं गुणोत्तर (किती कार्बोहायड्रेटला किती युनिट), करेक्शन (चढलेली शुगर उतरवायला किती युनिट) हे सगळं एका कागदावर उतरवा, मोबाइलमध्ये फोटोही ठेवा.

पेनाऐवजी सिरिंज नेणार असाल तर इथे जरा थांबा. पंपाचं इन्सुलिन यू-100 असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. आपल्याकडच्या मेडिकलमध्ये यू-40 च्या कुप्या आणि लाल टोपणाच्या यू-40 सिरिंजा अजून सर्रास मिळतात. त्या सिरिंजमध्ये यू-100 इन्सुलिन 10 च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात 25 युनिट जातात. नारिंगी टोपणाची यू-100 सिरिंजच मागून घ्या आणि कागदावर तसं लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाला टोचावं लागलं तरी घोटाळा होणार नाही.

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत घ्या. नाव तिकिटावर आहे तसंच हवं. पंप, सेन्सर (अंगावर लावलेलं शुगर मोजणारं यंत्र), सुया, इन्सुलिन यांचा उल्लेख असावा आणि यंत्र अंगावरून काढू नये, हेही लिहिलेलं असावं.

बॅग

सेट (नळी आणि कॅन्युला), रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची छोटी टाकी), सेन्सर, शुगर तपासायच्या पट्ट्या हे सगळं लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि सगळंच्या सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी फेकूनच द्यायचं. शिवाय ती बॅग भलत्याच गावाला जाऊ शकते. पॉवर बँकही हातातच लागते, तो तर विमान कंपन्यांचा नियमच आहे.

पुण्याच्या विमानतळापर्यंतचा रस्ता विसरू नका. सांगलीकरांना कोल्हापूरचं उजळाईवाडी जवळ, पण एप्रिलचं ऊन दोघांनाही सारखंच. चहाला थांबलात तर बॅग बंद गाडीत ठेवू नका, बरोबर घ्या. बर्फाला इन्सुलिन थेट टेकवू नका.

शुगर खाली गेली तर पटकन घ्यायला ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर खिशात असू द्या. नातेवाइकांसाठी घेतलेला कंदी पेढा अशा वेळी कामाचा नाही, दुधाच्या स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. तीन चमचे साधी साखर त्याहून बरी.

सिक्युरिटीला

रांगेत उभं राहतानाच सांगून टाका. यंत्र वाजल्यावर सांगण्यापेक्षा ते सोपं जातं. "इन्सुलिन पंप है, शरीर से लगा हुआ है, निकाल नहीं सकते," एवढं वाक्य पुरतं. सोबत पत्र पुढे करा. बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करते, त्यामुळे साडीत किंवा ड्रेसच्या आत लावलेला पंप दाखवताना संकोच नको.

दारासारखी चौकट आणि हातातली कांडी बहुतेक पंपांना चालते. सामानाच्या एक्स-रे यंत्रात पंप घालू नका. परदेशात पूर्ण अंगाचे स्कॅनर असतात, तिथे हाताने तपासणी मागा. सेन्सरचे नियम कंपनीगणिक बदलतात, तेव्हा पुस्तिकेतलं ते पान आधी वाचून ठेवा.

विमान वर चढताना

पसरणी घाट चढताना वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं, तसंच काहीसं रिझर्व्हॉयरमध्ये होतं. विमानाच्या आतला दाब साधारण 6,000 ते 8,000 फुटांवर असतो तेवढा खाली येतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, म्हणजे विमानातली ही उंची त्याहूनही बरीच जास्त. दाब घटला की इन्सुलिनमधली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, फुगते आणि जास्तीचं इन्सुलिन नळीतून पुढे ढकलते. साधारण युनिटभर जाऊ शकतं. मोठ्या माणसाला ते फारसं जाणवत नाही, पण लहान मुलाला युनिटभर म्हणजे खूप झालं.

उपाय असा : रिझर्व्हॉयर काठोकाठ न भरता गरजेपुरताच भरा. उड्डाणाआधी नळी अंगापासून सोडवा आणि पंप सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरता थांबवा. नुसतं सस्पेंड करून भागत नाही, कारण दाब यंत्राला विचारून ढकलत नाही. विमान वर स्थिरावलं की बुडबुडे पाहा, टिचकी मारून वर आणा, नळी सुटीच असताना बाहेर काढा आणि मग जोडा. उतरताना उलटं होतं आणि इन्सुलिन थोडं कमी पडतं. उतरल्यावर नळी सोडवून एक-दोन युनिट बाहेर सोडा, मग परत जोडा. मुलांच्या बाबतीत हे सगळं डॉक्टरांना विचारूनच करा. बिननळीचा पंप सोडवता येत नाही, त्यामुळे त्यात शुगर वारंवार तपासणं एवढंच हातात राहतं.

फोन फ्लाइट मोडवर टाकल्यावर ब्लूटूथ पुन्हा चालू करा, नाहीतर सेन्सरचं वाचन थांबतं. ट्रे समोर आल्याशिवाय जेवणाचा बोलस (जेवणासाठी एकदम घ्यायचा डोस) देऊ नका. ट्रॉली दिसली तरी ती तुमच्या रांगेपर्यंत पोचेलच याचा नेम नसतो, मध्येच धक्के सुरू झाले की ती मागे फिरते.

परदेशात पंपाचं घड्याळ कधी बदलायचं ते डॉक्टरांशी ठरवून ठेवा. बेसल दिवसभर एकसारखा असेल तर घाई नाही. बदलताना एएम-पीएम दोनदा बघा, तिथे चूक झाली तर रात्रीचा डोस दिवसा चालू राहतो.