कायटनचा अभ्यास सुरू करताय? आधी प्लेट उलटी करून बघा

कायटन, म्हणजे समुद्रातल्या खडकांवर राहणारा शिंपल्या-गोगलगायींच्या नात्यातला मृदुकाय प्राणी. त्यावर काम करू इच्छिणाऱ्यांना मी सगळ्यात आधी सांगते, की रंगावरून नाव ठरवू नका. पाठीवर ओळीने आठ प्लेटा, भोवती मांसल पट्टा (गर्डल) आणि खडकाला घट्ट चिकटलेलं अंग, एवढं दिसलं की प्राणी पॉलिप्लॅकोफोरा वर्गातला हे कळतं. पण या वर्गात आज जवळपास हजार जाती आहेत. आपल्या हातातली कुठली, हे प्लेट सुटी करून तिची खालची बाजू पाहिल्याशिवाय बहुतेकदा सांगता येत नाही.

मी हे काम अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर शिकले. उधाणाची ओहोटी लागली की तिथल्या खडकांवर नागमोडी रेषांचे देखणे टॉनिसेला नावाचे कायटन दिसतात. पूर्वी ते बहुतेक टॉनिसेला लिनिएटा या एकाच नावाखाली नोंदले जात. पुढे सिरेंको या अभ्यासकांनी 1973 मध्ये टॉनिसेला उंडोसेरुलिया आणि क्लार्क यांनी 1999 मध्ये टॉनिसेला लोकी या वेगळ्या जाती वर्णन केल्या. म्हणून जुन्या यादीत 'लिनिएटा' दिसलं की ती नोंद कधीची आहे ते पाहा. तिच्यात दुसरी जातही मिसळलेली असू शकते.

खडकावरून सोडवलेला कायटन लगेच अंग गुंडाळून घेतो आणि तसाच मेला की मोजमापं घेणं फार अवघड होतं. तो जिवंत असतानाच सपाट पट्टीवर दोऱ्याने बांधा, शिथिल होऊ द्या, मगच अल्कोहोलमध्ये घाला. डीएनएसाठी पायाचा छोटा तुकडा आधीच वेगळा ठेवा.

आता प्लेट. वरचा थर टेगमेंटम, खालचा आर्टिक्युलामेंटम. खालच्या थराची कड गर्डलमध्ये रुतते आणि त्या कडेवर खाचा असतात. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या प्लेटेवरच्या खाचा वेगवेगळ्या मोजून लिहा. वर्गाच्या आतल्या मोठ्या गटांना गण म्हणतात; कायटनिडा गणात त्या असतात, लेपिडोप्लुरिडा गणात नसतात. म्हणजे इथेच गण हाती लागतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली गर्डलवरचे खवले, काटे, केस बघा. कल्ल्यांची मांडणी आणि अंड्याच्या आवरणाची घडणही वर्गीकरणात महत्त्वाची मानतात. मला मात्र अजूनही सर्वात जास्त भरवसा प्लेटेचाच वाटतो.

नाव कसं लिहिलंय तेही नीट वाचा. विल्यम वुड यांनी 1815 मध्ये एका जातीला कायटन ट्युनिकॅटस म्हटलं. 1847 मध्ये ग्रे यांनी लेडी कॅथरिन डग्लस यांच्या नावावरून कॅथरिना ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, जीनस) मांडली. आज ही जात कॅथरिना ट्युनिकॅटा (वुड, 1815) अशी लिहितात. कंस म्हणजे वुड यांनी ती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती. 'कॅथरिना' स्त्रीलिंगी, म्हणून 'ट्युनिकॅटस' हे विशेषणही 'ट्युनिकॅटा' झालं. 'काळा घोडा, काळी घोडी' म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कंस चुकून गाळलात तर जातीचा इतिहासच चुकीचा सांगितला जातो.

कोकणात किंवा गोव्यात काम करणार असाल तर नमुने गोळा करण्यापूर्वी परवानग्या घ्या. नवी जात सापडली असं वाटलं, तर जुन्या वर्णनांशी आणि शक्य असेल तिथे संग्रहालयातल्या होलोटाइपशी (ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव आधारलेलं असतं त्याच्याशी) ताडून बघा. ती खरंच नवी निघाली, तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून तिथे नमुना जमा करावा लागतो. प्राण्यांसाठी हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे. नमुन्याबरोबर ठिकाण, तारीख आणि तो भरती-ओहोटीच्या कोणत्या पट्ट्यात सापडला, हे लिहिलेली चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीने लिहिलेली. अल्कोहोलमध्ये शाई विरघळते.